मिशी कुणी नेली? मुलांसाठी मुंबईतली नॉयर रहस्यकादंबरी लिहायची तर

नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकासाठी नॉयर, म्हणजे काळोख्या सुराची गुन्हेकथा, लिहायचं ठरवलं की बहुतेक जण आधी अंधार गोळा करायला लागतात. पडका वाडा, काळं मांजर, कॉलर वर केलेला माणूस. हे सगळं तूर्तास बाजूला ठेवा. नॉयर चालतं ते सांगणाऱ्याच्या आवाजावर. सगळं बघून झालेला, मोजकं बोलणारा, स्वतःलाही फार किंमत न देणारा, पण समोरचा थाप मारतोय हे कळलं की स्वस्थ बसू न शकणारा असा एक माणूस आपल्याशी बोलत असतो. अमेरिकेत १९२० आणि १९३०च्या दशकांत स्वस्त कागदावरच्या मासिकांतून हा आवाज घडला, पुढे सिनेमात गेला आणि १९४६ साली फ्रेंच समीक्षकांनी त्या सिनेमांना ‘नॉयर’ हे नाव दिलं. तिथून आपण एवढंच घ्यायचं. आवाज इथलाच हवा आणि मुंबईत तो शोधायला लांब जावं लागत नाही. १९८२च्या गिरणी संपानंतर गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच, अशा कुणाही आजोबांना विचारा, ‘काय आजोबा, कसं चाललंय?’ उत्तर येतं, ‘चाललंय. थांबवायला कोण येतंय?’

हा सूर बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी द्यायचा आणि तिच्या हातात एक क्षुल्लक प्रकरण सोपवायचं. सगळी गंमत त्या दोन टोकांमधल्या अंतरात आहे. अट एकच: आपण विनोदी आहोत हे तिला कळता कामा नये. तिच्या लेखी प्रकरण गंभीरच आहे. लेखक मध्येच डोळा मारायला लागला की दहा वर्षांचा वाचक पुस्तक मिटतो, कारण आपली टिंगल चालली आहे हे त्याला सगळ्यांत आधी कळतं.

पुढची सगळी कामं मी एकाच उदाहरणावर दाखवणार आहे. तुमची गोष्ट वेगळी असेल, पण कामाचा क्रम हाच ठेवा.

गुन्हा: वस्तू फुकटची, घाव खरा

खून नको. मुलांना झेपत नाही म्हणून नव्हे, ती बातम्यांत रोजच ऐकतात. पण खून झाला की पोलीस येतात आणि पोलीस आले की सातवीतल्या मुलीला घरी बसावं लागतं. मोठ्यांनी ‘त्यात काय एवढं’ म्हणून सोडून द्यावी अशी चोरी हवी, म्हणजे तपास मुलांच्या हातात राहतो.

आपलं उदाहरण असं. लालबागची एक चाळ. गणपतीत दरवर्षी नाटक होतं आणि नाटकात इन्स्पेक्टर असतोच. त्या इन्स्पेक्टरची खोटी मिशी गेली कित्येक वर्षं एकाच पत्र्याच्या डब्यात राहते. हरितालिकेच्या दिवशी डबा उघडायला जावं तर डबाच नाही. बाजारात नवी मिशी सहज मिळते. मग ही जुनी, गोंदानं कडक झालेली मिशी कुणाला हवी असेल?

इथे लेखकानं स्वतःला विचारायचं: चोराला खरं काय हवं होतं? आपल्या गोष्टीत त्याला मिशी नकोच आहे. डब्याच्या तळाशी घातलेल्या कागदाखाली जुन्या भाडेपावत्या दडवलेल्या आहेत. चाळीचा पुनर्विकास दारात आलाय, पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्यानं घेतलेल्या, खोलीवर हक्क कुणाचा हे अशा पावत्यांवरून ठरतं आणि त्या पावत्यांवर नाव आहे बापूकाकांच्या भावाचं, जो पूर्वी ती मिशी लावून काम करायचा आणि नंतर गावी गेला. आज त्या खोलीत राहतात बापूकाका. डबा त्यांनीच उचलला. पावत्या सापडल्या तर आयुष्यभर जिथे राहिले ती खोली त्यांच्या हातून जाईल.

आता हा माणूस वाईट आहे का? नॉयरचा जीव या प्रश्नात आहे. मुलांना तो नीट पेलतो. फक्त पुनर्विकासाची माहिती पानभर सांगत बसू नका. आपली नायिका ती तीन वाक्यांत सांगेल: ‘पावती म्हणजे आजोबांच्या नावाचा कागद. कागद आहे तर खोली आहे. कागद नसला तर आजोबा तरी होते का, असं विचारतात.’

शेवट आधी लिहा

रहस्यकथा पुढून लिहिली की तेराव्या प्रकरणात अडकते. म्हणून आधी गुन्हेगाराची डायरी लिहा, एखाद-दोन पानं, त्याच्याच भाषेत. बापूकाकांनी पिठोरी अमावस्येच्या दुपारी मंडळाची खोली साफसफाईसाठी उघडी असताना डबा पिशवीत घातला. पिशवी कुठली? भाजीची. वाटेत कोण भेटलं? दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी. त्यांनी काय विचारलं? ‘आज भाजी तुम्ही आणलीत?’ ही डायरी पुस्तकात येणार नाही, पण पुस्तकातली प्रत्येक खूण तिच्यातूनच निघेल.

मग मोठ्या कागदावर तक्ता करा. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत दिवस: अमावस्या, प्रतिपदा, द्वितीया, हरितालिका. प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी लिहायच्या, तो खरा कुठे होता आणि आपण कुठे होतो म्हणून सांगतो. ज्या चौकटीत या दोन गोष्टी जुळत नाहीत तिथे तुमचं प्रकरण आहे. आणि चोराशिवाय इतर दोघातिघांच्या चौकटीही जुळू देऊ नका. मंडळाचे सेक्रेटरी खोटं बोलतात कारण वर्गणीच्या हिशेबात घोळ आहे. नव्या इन्स्पेक्टरचं काम मिळालेला दादा खोटं बोलतो कारण तालमीच्या नावाखाली तो भलतीकडेच फिरत होता. प्रत्येक थापेला स्वतःचं, पुरेसं आणि शक्यतो थोडं हास्यास्पद कारण हवं. वाचकाला फसवण्यापुरतं आणलेलं आणि पुढे विसरलेलं पात्र मुलं कधीच माफ करत नाहीत.

नायिका, तिचं ऑफिस आणि पहिलं पान

गुप्तहेराला ऑफिस लागतं. चाळीत ते जिन्याखाली असतं. कपडे म्हणून बाबांचा जुना रेनकोट, दोन मापं मोठा. दारूच्या जागी चिक्की. अशी अदलाबदल करताना थोडक्यात गोडी ठेवा. प्रत्येक जुन्या खुणेला बालआवृत्ती शोधत बसलात तर पुस्तक नकलेसारखं वाटेल. पहिलं पान साधारण असं सुरू होऊ शकतं:

‘मिशी हरवली त्या दिवशी पाऊस कुणाचंही ऐकत नव्हता. माझं ऑफिस तळमजल्यावर आहे. जिन्याखाली. शेजारी रिकामे सिलिंडर, समोर कुणाची तरी स्कूटर. भाडं नाही, म्हणून तक्रारही नाही. ती आली तेव्हा मी दुसरी चिक्की फोडत होते. दिवस वाईट होता.

“तू शोधून देतेस म्हणे,” ती म्हणाली. “मी आत्ताच स्टेशनवरून चालत आले.”

“काय हरवलंय त्यावर आहे.”

“मिशी.”

मी तिच्याकडे नीट पाहिलं. सहावीतली असेल. दोन वेण्या, हातात छत्री नाही, पायांत कोरड्या चपला.

“तुझी?” मी विचारलं.’

कोरड्या चपला ही पुस्तकातली पहिली खूण. बाहेर धो धो पाऊस, स्टेशनवरून चालत आलेली मुलगी आणि चपला कोरड्या. म्हणजे ती आधीपासून चाळीतच होती. पण लगेच पुढे ‘तुझी?’ येतं, वाचक हसतो आणि चपला विसरतो. खूण लपवायची सगळ्यांत चांगली जागा विनोदाच्या एक ओळ आधी असते. दुसरी चांगली जागा म्हणजे यादीच्या मधोमध. इथे तिला वेण्या आणि छत्रीच्या रांगेत उभं केलंय.

ही मुलगी म्हणजे गावी गेलेल्या त्या भावाची नात. मिशी शोधायला सांगते, पण तिला हवा आहे डबा. नॉयरमध्ये काम घेऊन येणारा माणूस निम्मंच सांगतो हा नियम इथेही पाळायचा. दोघींची मैत्री होऊ द्या, मग ती थाप उघडी पडू द्या. या वयात मैत्रिणीनं फसवलं यासारखं दुसरं दुःख नसतं, त्यामुळे पुस्तकातलं सगळ्यांत जड प्रकरण तेच होईल. ते घाईत उरकू नका.

पुरावा मुंबईतूनच निघाला पाहिजे

गोष्ट मुंबईत घडते म्हणून दोनचार ठिकाणी वडापाव आणि लोकलची गर्दी टाकली तर ते नेपथ्य झालं. या शहराशिवाय उकललंच नसतं असं निदान एक तरी कोडं हवं. आपल्याकडे समुद्र आहे, तर समुद्राला साक्षीला बोलवा.

बापूकाका सांगतात, ‘अमावस्येला दुपारी बाराला मी पाहुण्यांना घेऊन हाजी अलीला गेलो होतो. बरोबर बाराच्या ठोक्याला त्या वाटेवरून चालत परत येत होतो.’ थाप चांगली आहे, कारण साधी आहे. फक्त किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंतची ती वाट भरतीला पाण्याखाली जाते. आणि अमावस्येला मुंबईत भरती नेमकी कधी असते, हे कोळणींना आणि कोकणातल्या कुठल्याही आजीला तोंडपाठ असतं.

जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे: सव्वाअकरा. साडेबारा तासांच्या आतबाहेर पुन्हा भरती येते, म्हणून दिवसाची आणि रात्रीची वेळ जवळपास तीच. मागचं कारण सरळ आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्याबरोबर मागे सरकते. शिवाय अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते, म्हणून ती उधाणाची भरती, इतर दिवसांपेक्षा मोठी. श्रावणातल्या अमावस्येला दुपारी बाराला त्या वाटेवरून कुणी कोरड्या पायांनी परत येणार नाही.

हिशेब अंदाजाचा आहे, प्रत्यक्षात कमीअधिक होतं. तेव्हा तुम्ही निवडलेल्या वर्षाचा आणि तारखेचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता काढून वेळ ताडून घ्या. एखादा चौकस वाचक तो तक्ता काढणारच आहे.

आता हे कोडं पुस्तकात पेरायचं कसं? एका जागी सगळं सांगितलं तर धडा होतो. तिसऱ्या प्रकरणात आजी आणि मासेवाली यांची घासाघीस घाला. आजी म्हणते, ‘उद्या ये, ताजे घेऊन.’ मासेवाली म्हणते, ‘अगो बाय, तीज हाय उंद्या, सव्वादोनची भरती,’ आणि पाऊणपटीचा हिशेब बोटांवर करून दाखवते. वाचकाला वाटतं हा विनोदी प्रसंग आहे. सहाव्या प्रकरणात भिंतीवरचं कालनिर्णय येऊ द्या, कुणाच्या तरी दुधाच्या खाड्याच्या निमित्तानं. अमावस्येच्या चौकटीत आईनं लिहिलंय: ‘मंडळाची खोली साफ.’ नवव्या प्रकरणात बापूकाकांची थाप, गप्पांच्या ओघात. आणि चौदाव्यात नायिका रात्री कॅलेंडरखाली उभी राहून बोटं मोजते. ती पंधरा पाऊण म्हणेपर्यंत गप्प बसा, उत्तर तिला द्यायचं नाही अजून. पान उलटायच्या आधी वाचकाला स्वतः गुणाकार करायची संधी मिळाली पाहिजे. न्याय्य रहस्यकथा म्हणजे इतकंच: नायिकेकडे जे आहे ते सगळं वाचकाकडेही आहे, उत्तर सांगण्याआधी.

मुंबईत असे पुरावे पडून आहेत. डब्यावरची डबेवाल्यांची खूण वाचता आली तर डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला हे कळतं. लोकलचं अर्धं तिकीट पाच ते बाराच्या आतल्या मुलांना मिळतं, त्यामुळे पूर्ण तिकीट सापडलेल्या मुलाचं वय कळतं. (शिवाय ‘त्या सोमवारी मी पूर्ण तिकिटाची झाले’ हे बाराव्या वाढदिवसाचं वाक्य नायिकेला फुकट मिळतं.) राजाबाई टॉवरचे ठोके ऐकू आले म्हणजे फोन करणारा फोर्टात उभा होता. एकच निवडा आणि त्याचा पूर्ण उपयोग करा.

मोबाइल आणि कॅमेरा

या दोन्हींचा निकाल पहिल्या पन्नास पानांत लावा, नाहीतर वाचक विचारत राहील की फोन का नाही केला. फोन आईचा आहे आणि आई कामावर. सोसायटीचा सीसीटीव्ही आहे, पण त्याचं तोंड सेक्रेटरींच्या गाडीकडे. दुसरं तर विनोद म्हणूनही चालतं आणि सेक्रेटरींचा स्वभाव सांगायलाही.

मुलगी एकटी किती फिरू शकते, हेही ठरवून टाका. चाळ, वाडी, शाळा, दोन गल्ल्यांपलीकडचं वाचनालय एवढं सहज. लोकलनं जायचं तर सोबतीला कुणीतरी हवं आणि ती सोबत जमवण्याची खटपट हेच एक मजेदार प्रकरण होतं. अनोळखी माणसाला रात्री एकटं भेटायला जाणारी नायिका लिहू नये, असंच मी म्हणेन. थरार गच्चीवर, टाकीमागे, दिवे गेलेल्या जिन्यातही भरपूर मिळतो.

भाषा

नॉयरची वाक्यं आखूड असतात. मराठीत आखूड वाक्य लिहिणं सोपं आहे, पण सलग दहा लिहिली की तार वाचल्यासारखं होतं. म्हणून तीन आखूड, मग एक लांब, दम खात जाणारं. मोठ्यानं वाचा, लगेच कळतं.

उपमांचा मोह आवरा. या प्रकारात त्या हव्यातच, पण पानाला एक आणि तीही मुलीच्या जगातली: सेक्रेटरींचं हसू निकालाच्या दिवशीच्या बाईंसारखं, असं. सिगारेटचा धूर, जाझ, निऑनच्या पाट्या तिनं कधी पाहिलेल्याच नाहीत.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि बोलणं ज्याचं त्याच्या तोंडचं. लालबागच्या चाळीत मालवणी ऐकू येते, साताऱ्याकडची बोली येते, ‘सुममध्ये बस’, ‘टांग दिली’, ‘वाट लागली’ हेही येतं. मुलं मोठ्यांना काका-मावशी म्हणतात, ‘अहो’ म्हणतात आणि मनात ‘हा’ म्हणतात. तपास करताना नायिका बापूकाकांना ‘तुम्ही’च म्हणेल. आरोप करतानासुद्धा. ‘काका, तुम्ही त्या वाटेवर नव्हता’ हे वाक्य त्या आदरामुळेच जास्त बोचतं. ते ‘तू खोटारडा आहेस’ असं केलंत तर पुस्तक तिथेच पडलं.

उलगडा आणि त्यानंतरचं एक प्रकरण

सगळ्यांना एका खोलीत बोलावून भाषण देणारा गुप्तहेर इथे चालत नाही. चाळीत कुणी गप्प बसून ऐकणारच नाही. उलगडा दोघांत होऊ द्या: गॅलरी, संध्याकाळ, खाली ढोल-ताशाची तालीम. बापूकाका नाकारतील, मग चिडतील, मग चहा विचारतील. चहा विचारणं म्हणजे कबुली.

यापुढचा निर्णय नायिकेचा. पावत्या मैत्रिणीला द्यायच्या, की डब्यात परत ठेवायच्या, की दोन्ही घरांना समोरासमोर बसवायचं? तुमच्या मनात उत्तर असेल, पण तिला ते सोपं पडू देऊ नका आणि कुणी वडीलधारं येऊन प्रश्न सोडवूही देऊ नका. मुलांच्या पुस्तकात आशा असावी, हे मलाही पटतं. आशा म्हणजे बापूकाका नाटकात उभे राहतात, एवढी पुरेशी आहे. सगळ्यांना नवा फ्लॅट मिळाला असं लिहिलंत तर मुंबईतलं कुठलंही मूल हसेल.

लांबी, कसोटी, छपाई

पंचवीस ते तीस हजार शब्द पुरे. प्रकरणं बाराशे-पंधराशे शब्दांची, प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस नवा प्रश्न, पण दरवेळी किंकाळी नको. कधी फक्त एक ओली भाजीची पिशवी दारात दिसली तरी चालतं.

पहिला खर्डा मुलांना वाचून दाखवा, स्वतःच्या नात्यातल्या नव्हे. दहाव्या प्रकरणाशी थांबा आणि चिठ्ठीवर चोराचं नाव लिहायला सांगा. सगळ्यांनी बरोबर लिहिलं तर खुणा फार ठळक आहेत. एकानंही लिहिलं नाही तर खुणा दिल्याच नाहीत. चिठ्ठ्यांपेक्षाही बघायचं ते कुठल्या पानावर कोण चुळबुळ करायला लागतं. तिथे खूण करा आणि घरी येऊन निर्दयपणे कापा. बहुधा तिथे तुम्ही शहराचं वर्णन केलेलं असतं.

एखादं प्रकरण सुटी कथा म्हणून आधी मुलांच्या मासिकाला किंवा दिवाळी अंकाला पाठवून पाहता येतं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि मुलांच्या दिवाळी अंकांची मराठीत चांगली परंपरा आहे. दिवाळीचे अंक पाऊस संपायच्या आत जुळवले जातात, तेव्हा मजकूर उन्हाळ्यातच द्या. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनाशुल्क मिळतो. चित्रकाराला पूर्ण कादंबरी वाचायला द्या, पण मुखपृष्ठावर समुद्र काढू देऊ नका. मिशी आणि पाऊस पुरे. आणि मलपृष्ठाचा मजकूर प्रकाशकाकडून आला की एकदा स्वतः वाचा, कारण तिथे ‘भाडेपावत्यांचं रहस्य’ असे शब्द हमखास येऊन बसतात.